दरकरार, निविदा आणि उधारी

सर्जिकल कापसाची पहिली परीक्षा दहा सेकंदांची असते. कापसाचा पुंजका पाण्यावर सोडायचा. तो दहा सेकंदांच्या आत बुडला पाहिजे. तरंगत राहिला तर त्यातलं तेल-मेण नीट निघालेलं नाही, म्हणजे असा कापूस जखमेतलं रक्त शोषणार नाही. गॉजची परीक्षा भिंगाखाली होते. उभे-आडवे धागे मोजायचे, मग आयोडीनचा एक थेंब टाकायचा. डाग निळा पडला तर कापडाला खळ देऊन वजन वाढवलेलं आहे. यातलं काहीच अवघड नाही. फार्माकोपियात हे लिहिलेलं आहे आणि औषध नियमांत ड्रेसिंगच्या मालासाठी स्वतंत्र अनुसूचीही आहे. मिरजेच्या आमच्या दुकानात अण्णा, म्हणजे माझे वडील, गल्ल्याशेजारी पाण्याचा ग्लास आणि सदऱ्याच्या खिशात भिंग ठेवायचे. आम्ही ज्यांना माल द्यायचो, त्या सरकारी रुग्णालयांच्या भांडारातले जुने फार्मासिस्टही हेच करायचे. माल देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची परीक्षा एकच होती, त्यामुळे वाद झाला तरी तो मालावरून व्हायचा.

सरकारी रुग्णालयांना माल पुरवणं हा आमच्या घराचा दोन पिढ्यांचा धंदा. या काळात सरकारची खरेदीची पद्धत अनेकदा मुळापासून बदलली. प्रत्येक बदलामागे खरं कारण होतं, कधी तर माणसं मेलेली होती. मी त्यातल्या एकाही बदलाच्या विरोधात नाही. पण दोन गोष्टी प्रत्येक बदलासोबत लांब लांब सरकत गेल्या. एक, मालाला हात लावून तो पारखणारा माणूस. दुसरी, पुरवठादाराच्या बिलाचे पैसे. सरकारी रुग्णालयात कोणता माल पोहोचतो, हे या दोन गोष्टींवरून ठरतं, असं माझं इतक्या वर्षांनंतरचं ठाम मत आहे.

इंग्रजांच्या काळात हा धंदा आपल्या लोकांच्या हातात जवळपास नव्हताच. मुंबई, मद्रास, कलकत्ता इथे सरकारी मेडिकल स्टोअर डेपो होते. लष्कराची आणि सिव्हिल रुग्णालयांची मागणी तिथे जायची आणि पुष्कळसा माल लंडनच्या इंडिया ऑफिसमार्फत विलायतेहून यायचा. १९२२ मध्ये इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट निघालं, पुढे रुपयांत निविदा मागवण्याचं धोरण आलं, तेव्हा कुठे इथल्या कारखानदाराला सरकारच्या दारात उभं राहता आलं. स्वातंत्र्यानंतर त्याच खात्याच्या जागी पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय आलं. त्याच्या दरकरारांवर देशातल्या कित्येक पुरवठादारांच्या पिढ्या जगल्या.

महाराष्ट्रात या धंद्याला खरं रूप आलं ते १९६२ मध्ये. त्या वर्षी १ मे रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांचा कारभार त्यांच्याकडे गेला. म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात औषध-साहित्याचा एक नवा गिऱ्हाईक उभा राहिला. त्याच वर्षी महाराष्ट्र लघुउद्योग विकास महामंडळ निघालं. छोट्या कारखानदाराचा माल सरकारी खात्यांना मिळवून देणं हे त्याचं काम. आणि मिरजेत सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही त्याच वर्षीचं. डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथे मिशनचं रुग्णालय बांधलं, तेव्हापासून कर्नाटकाच्या सीमेपलीकडूनही रोगी मिरजेला येत होते. मिरज हे डॉक्टरांचं गाव आधीपासूनच होतं, ते आता सरकारी गिऱ्हाइकांचंही झालं.

अण्णा तेव्हा मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटवर एका सर्जिकलच्या घाऊक पेढीत नोकरीला होते. त्या रस्त्याचं नाव बदलून शामळदास गांधी मार्ग झालं, पण धंद्यातला माणूस आजही प्रिन्सेस स्ट्रीटच म्हणतो. औषधं, रसायनं, काचसामान, रबरी माल, ऑपरेशनची हत्यारं, सगळ्याचा बाजार तिथे. ते मिरजेला परतले ते तिथली उधारी पाठीशी घेऊन. पेढीच्या शेठनी त्यांना ओळखीवर माल दिला. तो रेल्वे पार्सलने पुण्यात उतरायचा आणि तिथून मीटर गेजच्या गाडीत चढून मिरजेला यायचा. पुणे–मिरज–कोल्हापूर रूळ रुंद झाल्यावर ही चढउतार थांबली. गॉजचं कापड मात्र अण्णा जवळच इचलकरंजीत विणून घ्यायचे. मागवाल्याला विरळ कापड विणणं कमीपणाचं वाटायचं. अण्णा त्याला समजावायचे की हे विरळ असलं तरच उपयोगाचं. कापड धुऊन, उकळून आलं की आमच्या घरामागच्या शेडमध्ये बायका त्याच्या पट्ट्या फाडायच्या, गुंडाळायच्या, घड्या घालायच्या. त्या शेडला अन्न व औषध प्रशासनाचा परवाना मिळाला तो दिवस अण्णा सणासारखा सांगायचे.

दरकरार म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. उद्योग संचालनालयाची मध्यवर्ती भांडार खरेदी संघटना वर्षाला निविदा मागवायची, दर ठरवायची आणि त्या दराला तयार असलेल्या पुरवठादारांची यादी जाहीर करायची. एकाच वस्तूला एकाहून जास्त पुरवठादार असायचे. मग जिल्हा शल्यचिकित्सक त्या यादीतून कुणालाही थेट पुरवठा आदेश द्यायचे. दर सगळ्यांचा सारखा. त्यामुळे आदेश कुणाला जाणार हे माल कसा, वेळेवर येतो का, मागच्या खेपेचा कापूस बुडला होता का, यावर ठरू शकायचं. ठरू शकायचं, असंच म्हणते. नेहमी तसंच ठरायचं असं म्हणणं खोटं होईल. यादीतून नाव निवडण्याची ही मोकळीक चांगल्या अधिकाऱ्याच्या हाती गुणाला जागा द्यायची आणि वाईट अधिकाऱ्याच्या हाती पाकिटाला. दोन्ही प्रकारचे अधिकारी अण्णांनी पाहिले आणि मीही पाहिले.

दरकरारात फॉल क्लॉज नावाची एक अट असायची. तुम्ही दुसऱ्या कुणाला कमी दराने माल दिलात तर सरकारलाही तो दर लावून द्यायचा. बाजार चढला तर मात्र नुकसान पुरवठादाराचं. कापूस हे शेतीचं पीक आहे, त्याचा भाव वर्षभर एका जागी थांबत नाही. ज्या वर्षी भाव चढायचा, त्या वर्षी कोण सचोटीचा आणि कोण नाही हे सगळ्या धंद्याला कळायचं. सचोटीचा माणूस तोटा सोसून माल द्यायचा किंवा सरळ पत्र लिहून हात जोडायचा. बाकीचे वजन भरून काढायला कापसाच्या पाचशे ग्रामच्या गुंडाळीत निळा कागद जाड वापरायचे, गॉजमधले धागे कमी करायचे. कागदावर दर तोच राहायचा आणि फरक जखमेवर पडायचा.

आणि पैसे? अनुदान आलं की बिल कोषागारात जायचं. अनुदान यायचं तुकड्यातुकड्यांनी आणि मार्चअखेर एकदम. एप्रिल ते जानेवारी माल द्यायचा आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कोषागाराच्या जिन्यात उभं राहायचं, हे या धंद्याचं वार्षिक चक्र होतं. तरी ते चक्र होतं. मार्चमध्ये पैसे येणार हे प्रिन्सेस स्ट्रीटच्या शेठना माहीत असायचं, म्हणून ते तोवर थांबायचे. आमचा सगळा धंदा त्यांच्या त्या थांबण्यावर उभा होता.

मी बी.एस्सी. झाले आणि दुकानात बसू लागले, त्यानंतर लवकरच १९८६ चा जानेवारी आला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मेंदूच्या आणि डोळ्यांच्या रुग्णांना दाब उतरवण्यासाठी ग्लिसरीन दिलं जात होतं. ते पिऊन रुग्णांची मूत्रपिंडं बंद पडू लागली आणि चौदा जण दगावले. ग्लिसरीन औषधी दर्जाचं नव्हतं, कारखान्यात वापरायचं होतं, आणि त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विष होतं. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने ही साखळी कडी कडी करून उलगडली. रुग्णालयाची निविदा, पुरवठादाराची निवड, औषध प्रशासनाची ढिलाई, राजकारणातली शिफारस, सगळं त्यात आलं. १९८७ च्या अखेरीस अहवाल सादर झाला आणि पुढे आरोग्यमंत्र्यांना पायउतार व्हावं लागलं.

आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने तो अहवाल वाचायला हवा होता, पण फार थोड्यांनी वाचला. अण्णांनी वर्तमानपत्रातली त्याची कात्रणं वहीत चिकटवली होती. त्यातला एक मुद्दा ते मला पुन्हा पुन्हा सांगत. रुग्णालयाने विकत घेतलं ते एका नावाकडून, आणि माल आला भलत्याच ठिकाणाहून. मधल्या व्यापाऱ्यांनी फक्त कागद बदलले, पिंपातल्या मालाची परीक्षा कुणी केली नाही. आणि रुग्णालयाच्या दारात तो उतरला तेव्हा, "हे औषधाचं ग्लिसरीन आहे का?" हा प्रश्न विचारणं तिथल्याही कुणाला आपलं काम वाटलं नाही.

त्यानंतर रुग्णालयं आमच्याकडे प्रत्येक बॅचचा तपासणी अहवाल मागू लागली. उत्पादकाचा परवाना, उत्पादकाने दिलेलं अधिकारपत्र, दोन लिफाफ्यांची पद्धत, आधी तांत्रिक लिफाफा आणि तो पास झाला तरच दराचा, हे सगळं त्या काळात पक्कं होत गेलं. अण्णांना याचा मनापासून आनंद झाला. प्रयोगशाळेचा खर्च वाढला, पण आता जाड कागद लावणाऱ्याची पंचाईत होईल असं त्यांना वाटलं. काही वर्षं झालीही. मग अहवालच बनवून मिळू लागले. फाईल जितकी जाड, तितका माल चांगला, असं फाईल पाहणाऱ्याला वाटू लागलं. भांडारातला फार्मासिस्ट हळूहळू कागद तपासू लागला आणि भिंग कपाटात गेलं. एका भांडारात मी नेलेल्या गॉजचे धागे मोजून दाखवायला लागले, तेव्हा तिथला तरुण फार्मासिस्ट म्हणाला, "ताई, ते राहू द्या, टेस्ट रिपोर्टची झेरॉक्स तेवढी लावा." तो आळशी नव्हता. ऑडिटला त्याला झेरॉक्सच दाखवायची होती.

ज्या राज्याने हा प्रश्न मुळाशी जाऊन सोडवला ते तमिळनाडू. १९९४ मध्ये त्यांनी तमिळनाडू मेडिकल सर्व्हिसेस कॉर्पोरेशन काढलं आणि पुढच्या वर्षी काम सुरू केलं. सगळ्या सरकारी रुग्णालयांची औषधं एकाच ठिकाणी विकत घ्यायची, तीही थेट उत्पादकांकडून. जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामं उभारली. प्रत्येक रुग्णालयाला पासबुक दिलं. त्यात वर्षाची रक्कम लिहिलेली, रुग्णालयाने लागेल तसा माल उचलायचा आणि तेवढी रक्कम पासबुकातून वजा व्हायची. गोळ्यांच्या पट्टीवर सरकारचं बोधचिन्ह, म्हणजे ती बाहेर विकता येऊ नये. आणि गोदामात आलेल्या प्रत्येक बॅचचा नमुना उत्पादकाचं नाव झाकून प्रयोगशाळेकडे. नमुना पास झाल्याशिवाय माल रुग्णालयात जात नाही, आणि पास झाला की पुरवठादाराचे पैसे अडकत नाहीत.

आमच्यासारख्या मधल्या पुरवठादाराला त्या रचनेत जागा नाही. ते मला मान्य आहे. औषधाच्या बाबतीत मधले हात जितके कमी तितकं बरं, हे १९८६ ने शिकवलंच होतं. पण दक्षिणेचं ते यश सांगताना आपल्याकडे नेहमी "एकाच ठिकाणी खरेदी, म्हणून दर उतरले" एवढंच सांगितलं जातं. राजपाळयमजवळच्या चत्रपट्टीत बँडेजच्या कापडाचा मोठा उद्योग आहे. इचलकरंजीतली आमची विणाई थांबल्यावर आम्ही कापड तिथूनच आणतो. तिथल्या एका माग-मालकाला मी विचारलं की सरकारला इतक्या कमी दरात देता, परवडतं कसं? त्याने पैसे कधी मिळतात ते सांगितलं. पैसे वेळेवर येणार असतील तर उधारीचं व्याज दरात घालावं लागत नाही. दर उतरला तो एवढ्यासाठीही.

आपल्याकडे मधली काही वर्षं वेगळ्या कारणाने बरी गेली. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, रुग्ण कल्याण समित्या झाल्या आणि आरोग्य केंद्राला स्वतःच्या पातळीवर खर्चायला थोडा पैसा मिळू लागला. रक्कम लहान, पण रोख. ग्रामीण रुग्णालयातली सिस्टर स्वतः फोन करायची, "ताई, ड्रेसिंगचे ड्रम दोन पाठवा, आणि मागच्या वेळचं चिकटपट्टीचं रीळ नको, त्याने कातडी निघते." ज्या हाताने पट्टी बांधली जाते तो हात थेट दुकानदाराला सांगतोय, हे मी सरकारी पुरवठ्यात त्याआधी क्वचितच पाहिलं होतं. त्या चिकटपट्टीची कंपनी आम्ही बदलली.

मग निविदा संगणकावर आल्या. महाटेंडर्सचं संकेतस्थळ, डिजिटल सहीचं टोकन, बयाणा रक्कम ऑनलाइन. १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने राज्याने खरेदीची नियमपुस्तिका नव्याने लिहिली. दरकराराचा जुना जमाना संपला आणि तीन लाखांवरच्या खरेदीला ई-निविदा लागू लागली. केंद्राने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जेम, म्हणजे सरकारी ई-बाजारपेठ, सुरू केली आणि ३१ ऑक्टोबर २०१७ ला पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालयाला कुलूप लावलं. माझ्या अनेक समव्यावसायिकांना हे सगळं संकट वाटलं. मला तसं वाटलं नाही. पूर्वी निविदेचा कागद घ्यायला गेलं की "संपले" असं सांगायचे, भरलेला लिफाफा पेटीत टाकू द्यायचे नाहीत. ते सगळं एका फटक्यात थांबलं. बाईमाणूस म्हणून त्या गर्दीत उभं राहताना जे सोसावं लागायचं, तेही थांबलं. टेबलाशी बसून, रात्री अकरा वाजता, शेजारच्या राज्यातलीही निविदा भरता येते ही लहान गोष्ट नाही.

जेमच्या नियमांत एक गोष्ट फार चांगली आहे. माल घेणाऱ्याने ठरावीक दिवसांत मालाच्या स्वीकृतीचं प्रमाणपत्र द्यायचं, धंद्यात त्याला क्रॅक म्हणतात, आणि ते निघाल्यापासून दहा दिवसांत पैसे. म्हणजे घड्याळ आहे. पण घड्याळाची किल्ली माल घेणाऱ्याच्या हातात. क्रॅक वेळेवर निघालं तर सगळं सुरळीत. ते लांबलं तर माल वापरून संपतो आणि कागदावर तो अजून आलेलाच नसतो.

राज्यात याच सुमारास मोठा निर्णय झाला. जुलै २०१७ मध्ये सरकारी रुग्णालयांची औषधं आणि साहित्य एकत्र खरेदी करण्याचं काम हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे दिलं. परळच्या हाफकिनचं नाव घेतलं की माझ्या पिढीची मान आदराने लवते. १८९९ पासून त्या वास्तूत प्लेगच्या लसीचं काम झालं. १९७५ मध्ये संशोधन संस्थेपासून वेगळं काढलेलं हे महामंडळ पोलिओची लस आणि सर्पदंशावरची प्रतिविषं पुरवतं. पण लस बनवणं वेगळं आणि सगळ्या राज्यासाठी सलाइनपासून सीटी स्कॅनपर्यंत विकत घेणं वेगळं. तमिळनाडूने याच एका कामासाठी नवी संस्था, नवी गोदामं, नवी माणसं उभी केली होती. इथे जुन्या, चांगल्या चाललेल्या संस्थेला एक खरेदी कक्ष जोडला. खात्यांनी पैसे आधी हाफकिनकडे जमा करायचे, मग निविदा, मग आदेश. पैसे जमा होऊन पडून आहेत आणि वॉर्डात औषध नाही, अशा बातम्या वर्षानुवर्षं येत राहिल्या, विधिमंडळात प्रश्न विचारले गेले. रुग्णालयं मग स्थानिक खरेदीवर आली आणि त्या खरेदीची मर्यादा वाढवून द्यावी लागली.

केंद्रित निविदा मोठी असते, म्हणून उलाढालीची अटही मोठी. आमची शेड त्यात बसेना. उत्पादक असूनही आम्ही एका मोठ्या कंपनीला बँडेज गुंडाळून देऊ लागलो आणि ती तिच्या नावाने निविदा भरू लागली. बायका त्याच, कापड तेच. मिळकत मात्र निम्म्यावर आली. तरी त्या कंपनीचे पैसे महिन्याला मिळायचे, म्हणून आम्ही ते पत्करलं. स्थानिक खरेदीचा छोटा आदेश दराने बरा असायचा. पण एका जिल्ह्यातल्या रुग्णालयाकडे आमचं बिल इतकं राहिलं, की त्या काळात तिथले तीन अधिकारी बदलून गेले. प्रत्येक नवा अधिकारी म्हणायचा, "माझ्या काळातलं नाही." शेडमधल्या दोन बायकांना मला घरी बसवावं लागलं ते त्या बिलामुळे. त्यांच्यातल्या एकीने अण्णांच्या वेळेपासून काम केलं होतं.

कोविडबद्दल थोडक्यातच सांगते. मार्च २०२० मध्ये केंद्राने तीन पदरी मास्कची कमाल किंमत दहा रुपये ठरवली. ऑक्टोबरात राज्याने ती तीन-चार रुपयांवर आणली आणि एन-९५ चे दर १९ ते ४९ रुपयांत बांधले. लोकांच्या दृष्टीने ते योग्यच होतं. पण ज्यांनी उन्हाळ्यात महाग कापड उचलून सरकारी रुग्णालयांना उधारीवर माल दिला होता, त्यांची बिलं पास व्हायची वेळ आली तेव्हा दराची विचारणा सुरू झाली. आमच्या ओळखीतल्या काही जणांनी त्या वर्षानंतर सरकारी पुरवठा कायमचा सोडला. त्यांच्यात धागे मोजणारी माणसं होती.

त्यांच्या रिकाम्या जागी कोण आलं, याचं उत्तर नागपूरच्या प्रकरणात आहे. कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातून घेतलेल्या अँटिबायोटिक गोळ्यांच्या नमुन्यात औषधच नव्हतं. तपास वाढत गेला तसे आणखी सरकारी रुग्णालयांतले साठे बनावट निघाले. २०२४ मध्ये पोलिसांचं आरोपपत्र आलं. त्यानुसार गोळ्यांत टाल्कम पावडर आणि स्टार्च होतं. पट्टीवर छापलेली औषध कंपनी अस्तित्वातच नव्हती. माल रीतसर निविदेतून आला होता. आरोपपत्राची बातमी वाचताना मला अण्णांच्या कात्रणांची वही आठवली. विकणारा एक, मधले अनेक, बनवणारा कुणीच नाही, आणि दारात तपासणारा कुणी नाही. लेंटिन अहवालाला तेव्हा छत्तीस वर्षं उलटून गेली होती आणि निविदा संगणकावर गेली होती.

मी दोन गोष्टी जोडून पाहते आणि इतरांनीही पाहाव्यात अशी माझी विनंती आहे. सर्वांत कमी दराची बोली, म्हणजे एल-वन, निवडायची आणि तिचे पैसे वर्षभर द्यायचे नाहीत, असं केलं की दोन प्रकारचे पुरवठादार उरतात. एक, ज्याच्याकडे उशीर सोसायला अमाप भांडवल आहे. दुसरा, जो हा उशीर मालातून वसूल करतो. मधला माणूस, ज्याला भांडवलही नाही आणि मालात खोटही करायची नाही, तो निघून जातो. २०२३ च्या ऑक्टोबरच्या आरंभी नांदेडच्या सरकारी रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण गेले, त्यांत १२ नवजात बाळं होती. औषधांचा तुटवडा होता की नव्हता यावर वाद झाला, सरकारने तो नाकारला, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. तो वाद ज्यांनी सोडवायचा त्यांनी सोडवावा. औषध-साहित्य पुरवणारी माणसं वेळेवर पैसे मिळत नाहीत म्हणून निविदाच भरत नाहीत, हे मात्र मी माझ्या धंद्यात रोज पाहते. निविदेला प्रतिसाद नाही, फेरनिविदा, पुन्हा प्रतिसाद नाही, आणि त्यात गेलेले महिने वॉर्डातल्या रिकाम्या कपाटात दिसतात.

त्याच २०२३ मध्ये विधिमंडळाने कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन केलं. हाफकिनकडचं काम आता या स्वतंत्र प्राधिकरणाकडे आलं. एकाच कामासाठी एक संस्था, हे तमिळनाडूचं सूत्र तीस वर्षं उशिरा का होईना आपण घेतलं, याचा मला आनंद आहे.

कायद्याच्या पुस्तकात उधारीवर उपाय नाही असंही नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे लहान उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, नाहीतर चक्रवाढ व्याज. तक्रारीसाठी परिषद आहे, २०१७ पासून समाधान नावाचं पोर्टल आहे. पण ज्या रुग्णालयाला पुढच्या वर्षीही माल द्यायचा आहे, त्याच्याविरुद्ध कोण तक्रार करणार? २०२१ मध्ये व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळाली, तीही फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती, ४५ दिवसांचं संरक्षण त्यांना नाही. आमच्या शेडमध्ये गुंडाळलेलं बँडेज आणि आम्ही दुसऱ्या कंपनीचं आणून दिलेलं कॅथेटर एकाच टेम्पोतून, एकाच दिवशी, एकाच भांडारात उतरतं. बँडेजच्या बिलाला कायदा आहे, कॅथेटरच्या बिलाला नाही. व्यापारी मधला आहे म्हणून त्याला वगळायचं असेल तर निविदेतूनच वगळावं. निविदेत घेतलं, माल वापरला, मग पैसे देताना तो मधला, हे बरोबर नाही.

नव्या प्राधिकरणाकडून मला फार काही नको. माल दारात उतरल्याची तारीख संगणकावर त्याच दिवशी पडावी. ती टाकण्याचा अधिकार टेम्पोची पावती घेणाऱ्या कारकुनाला असावा, त्यासाठी अधिकाऱ्याच्या सहीची वाट पाहायला लागू नये. त्या तारखेपासून नमुना तपासायला मुदत असावी आणि नमुना पास झाला की पैसे द्यायला मुदत असावी. कोणत्या रुग्णालयाने कोणत्या बॅचला किती दिवस लावले, हे कुणालाही वाचता येईल असं मांडावं. नमुना नापास झाला तर तेही तिथेच, पुरवठादाराच्या नावासकट मांडावं, आमचं नाव असलं तरी. आणि भांडारातल्या फार्मासिस्टला ऑडिटच्या कागदांइतकाच वेळ मालाला हात लावायला मिळावा. कापसाला दहा सेकंद लागतात, गॉजला पाच मिनिटं. माझा मुलगा आता दुकान पाहतो. सरकारी निविदा आली की तो आधी तिच्यातलं पैसे देण्याचं कलम उघडतो, आणि बहुतेक वेळा पुढचं न वाचताच ती बंद करतो.